मागच्या दगडाचा रंग

९ जानेवारी

काकू, नमस्कार.

आधी तुझ्या डोळ्यांचं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, फार लांबवू नका, असं डॉक्टर म्हणाले होते. तू म्हणालीस, थंडी संपली की बघू. थंडी आता महिन्याभराचीच राहिली आहे. हे सुरुवातीलाच लिहितो, कारण शेवटी लिहिलेलं वाचलंच नाही असं तू म्हणतेस.

आता माझं. निसर्ग-संग्रहालयाच्या कार्यशाळेत मला घेतलंय, पण मार्चअखेरपर्यंत पारखून बघणार आहेत. पाखरं आणि प्राणी जुन्या मिस्त्रींकडे आहेत, मला दगड दिलेत. खरे दगड काचेच्या कपाटाला पेलत नाहीत, म्हणून त्यांचे साचे काढून प्लास्टरचे पोकळ दगड करायचे आणि हुबेहूब रंगवायचे. दगडाचा रंग मला जमतो. अडलंय ते दगडावरच्या खपलीपाशी.

ही खपली दगडफुलाच्या कुळातली आहे. मसाल्याचं दगडफूल पानासारखं असतं, बोटाने सुटं होतं. ही होत नाही. आमच्या विभागाच्या बाई सांगतात की बुरशी आणि शेवाळ यांनी मिळून संसार थाटलेला असतो. बुरशी घर बांधते, शेवाळ रांधतं. आणि ते घर दगडात इतकं रुतलेलं असतं की खपली हवी असेल तर खालच्या दगडासकट फोडून घ्यावी लागते. बाईंच्या पेटीतले नमुने जुने होऊन मातकट झालेत. फोटो आहेत, पण दर फोटोत रंग निराळा.

तेव्हा मला आपल्या मागच्या दारचा धुण्याचा दगड आठवला. भिंतीकडची त्याची बाजू या खपलीने भरलेली आहे. जवळचं तुला चांगलं दिसतं असं तूच सांगतेस, म्हणून जवळचंच काम सांगतो. पुढच्या गोष्टी बघून लिही. कोरडी असताना रंग कोणता. पाणी शिंपडल्यावर तो बदलतो का. कडेला रेघ आहे का. भेगा कशा आहेत. आणि मधे बारीक चकत्या असतात, त्या कशा. कृपा करून खरवडू नकोस.

तुझा पुतण्या

२० जानेवारी

फूटपट्टी,

आशीर्वाद आहेतच, ते काय दर वेळी मोजून पाठवायचे.

तुझ्यापायी दगडाशी नाक लावून बसले होते. शेजारीण कुंपणावरून बघत होती. काय हरवलं म्हणाली. म्हटलं, काही नाही, पुतण्या नोकरीला लागून दगड झालाय, त्याच्या भावकीची विचारपूस करतेय.

आता लिहून घे. जाडीला नखाएवढी आहे. हात फिरवला तर खरखरीत, पण टोचत नाही. भेगा म्हणशील तर वाळल्या चिखलासारख्या, सगळीकडे. फरक एवढाच की चिखलाचे तुकडे वाळले की कडा वर करतात. हे तसं करत नाहीत, जेवून उठलेल्या माणसासारखं पोट पुढे काढून बसलेत. चकत्या काळ्या आहेत, मोहरीहून बारीक, आणि भोवती उंच काठ. सदऱ्याच्या बटणाला असतो ना, अगदी तस्सा. तू म्हणशील हिला जिकडे तिकडे बटणंच दिसतात. जन्म काजं-बटणं करण्यात गेला, मग काय दिसणार.

कडेला काळी रेघ आहे. काजाच्या कडेने दोरा भरावा तशी, बारीक आणि पक्की. दोन खपल्या जिथे समोरासमोर येतात तिथे दोघी थांबल्यात, मधे ती रेघ. एकीने दुसरीच्या अंगावर पाय टाकलेला नाही. आपल्या घराण्यातल्या जावांपेक्षा शहाण्या.

रंग पिवळट. जुन्या वर्तमानपत्राचा होतो तो. पाणी शिंपडलं तर नुसती काळपटते. दुसरं काही होत नाही.

आणि माझे डोळे तुझ्यापेक्षा बरे आहेत. गेल्या वर्षापर्यंत सुई ओवायला चष्मा लागायचा, आता लागत नाही. काढून ठेवलाय. शिंप्याचेच बिघडलेत. पांढऱ्या सदऱ्यांना पिवळा दोरा लावला म्हणून त्याने चार सदरे परत पाठवले. मी त्याला दोरा सदऱ्यावर धरून दाखवला, एकजीव दिसत होता. तरी हटून बसला.

तुझ्या काकांचा पांढरा सदरा पेटीत होता ना, तोही पिवळा पडलाय. दोनदा नीळ घातली, जात नाही. अंगावर घालणारं कुणी नसलं की कापडसुद्धा पिवळं पडतं.

काकू

३ फेब्रुवारी

काकू, नमस्कार.

तुझं पत्र बाईंना वाचून दाखवलं, शिंप्याचा आणि सदऱ्याचा भाग सोडून. काजाच्या रेघेपाशी त्यांनी मला थांबवलं आणि ते वाक्य उतरवून घेतलं. पोट पुढे काढलेल्या तुकड्यांनाही त्या हसल्या, पण म्हणाल्या की बरोबर आहे, या जातीत ते असेच फुगीर असतात. मी तुझ्या पत्रावरून मेणात भेगा कोरल्या आणि साचा काढला. चकत्यांचे काठ सुईने उचलले. मिस्त्री सहसा कुणाचं कौतुक करत नाहीत, ते हात लावून गेले.

रंगाचं मात्र मला जरा विचारायचं आहे. बहुतेक फोटोंत ही खपली राखाडी आहे. पण फोटो छापणाऱ्याच्या मनावर असतात, आणि तू रोज त्या दगडापाशी उभी राहतेस. म्हणून मी तुझ्यावर भरवसा ठेवला आहे. पांढऱ्यात पिवळी माती आणि नावाला काळा, असं मिश्रण केलं आहे. एका कागदावर ते लावून सोबत पाठवतो. दगडाशी धरून बघ आणि फिकं हवं की गडद ते कळव.

सुई चष्म्याशिवाय ओवता येते हे वाचून बरं वाटलं. मला वाटलं होतं मोतीबिंदूत आधी जवळचं धूसर होतं. तरी डॉक्टरांना एकदा दाखवून ये. बरं असेल तर ते तसं सांगतील, त्यात तुझं काय जातं?

तुझा पुतण्या

१५ फेब्रुवारी

फूटपट्टी,

कागद धरून बघितला. फिका नको, गडद नको, आहे तसाच लाव.

शिंपी आता मला फक्त काळे आणि तपकिरी कपडे देतो. मुनीमजी तरी झालाय की काय कोण जाणे, पांढरे सदरे मोजून आपल्याकडेच ठेवतो. मला काय, काळ्यावर काळं दोन मिनिटांचं काम.

डॉक्टरांचं पुन्हा लिहू नकोस. तुझे काका चालत गेले होते. साधी पोटदुखी होती, परत येताना भाजी आणतो म्हणाले. मी बाहेर बाकावर पिशवी घेऊन बसले होते. बाकीचं तुला माहीत आहे. जे दिसतंय ते मला पुरतं.

काकू

२८ फेब्रुवारी

काकू, नमस्कार.

माझा दगड नापास झाला.

बाईंनी तो खिडकीपाशी नेला, फिरवून पाहिला. काम सुरेख आहे म्हणाल्या. भेगा, चकत्या, काठ, रेघ, सगळं बरोबर. रंग चुकला. असा पिवळट रंग दुसऱ्या एका खपलीचा असतो आणि ती वेगळ्या दगडावर येते. ही राखाडी असते, आणि ओली झाली की हिरवट होते, कारण वरचं साल भिजून पारदर्शक होतं आणि आतलं शेवाळ दिसू लागतं. लोक इथे बघून शिकतात, त्यांना चुकीचं दाखवता येत नाही, असं त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

मी म्हणालो की माझी काकू रोज तो दगड बघते. त्यावर त्या म्हणाल्या, "मग त्या दगडाचा तुकडा आण. काकूंचं खरं निघालं तर ती नवी जात असेल, आपण दोघं मिळून तिचं नाव ठेवू." मिस्त्री सोडून सगळे हसले.

मार्च संपायला आता फार दिवस राहिले नाहीत. मी तुझ्या शब्दावर रंग लावला होता. तू घाईत बघितलंस का? की मी सारखं डॉक्टरांचं काढतो म्हणून मनावर न घेता लिहिलंस? तसं असेल तर सांग, मी राग धरणार नाही. काकांची छिन्नी वापरून भिंतीकडच्या कोपऱ्याचा छोटा तुकडा काढ. बोटांना जप. तुकडा कापसात गुंडाळून डबीत घाल, खपली वरच्या बाजूला ठेव.

तुझा पुतण्या

८ मार्च

हा घे तुकडा.

छिन्नी मी मारली. शेजारीण मदतीला येत होती, तिला म्हटलं हे घरचं आहे.

घाईत लिहिलं का म्हणून विचारतोस. तुझ्या शाळेच्या कपड्यांना मी टाके घालत होते तेव्हा तू त्या दगडावर बसून पाय हलवायचास. तो दगड मला घाईत बघायची गरज नाही. मी खोटं लिहिलं असं तुझ्या बाईंना वाटतंय की तुला, तेवढं स्पष्ट कळव.

पिवळा आहे. डोळे भरून बघ.

१७ मार्च

काकू,

डबी मिळाली. तुकडा नीट पोचला, एक भेगही वाढली नाही.

तो राखाडी आहे. विझलेल्या चुलीतल्या वरच्या राखेसारखा. मी तो खिडकीपाशी बघितला, दिव्याखाली बघितला, अंगणात नेला. मग पाण्याचा थेंब टाकला. काही क्षण काही झालं नाही, आणि मग थेंबाभोवती हळूहळू हिरवटपणा आला, बाई म्हणाल्या तसाच.

खरं सांगायचं तर मला राग आला होता. तो तुकडा आणि तुझं पत्र दोन्ही घेऊन मी मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी तुकड्याकडे बघितलंच नाही. तुझं वय विचारलं. मग चष्म्याशिवाय सुई ओवते का, असं विचारलं. मी हो म्हणालो तेव्हा हातातला कुंचला धुऊन ठेवला आणि मला पाखरांच्या दालनात घेऊन गेले.

तिथे पाणथळीचं मोठं कपाट आहे. त्यात बगळे आहेत, सगळे मिस्त्रींनी केलेले. मी रोज त्यांच्यासमोरून जातो. त्यांनी डावीकडच्या एकाकडे बोट केलं. तो बगळा पिवळा आहे, काकू. जुन्या वर्तमानपत्रासारखा. त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो.

"त्या वर्षी माझा जवळचा चष्मा सुटला. पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते. सगळे बगळे असे रंगवले आणि कुणी एक शब्द बोललं नाही, कारण सगळे माझ्या हाताखाली शिकलेले. डोळ्यातली काच पिवळी पडते रे. पांढरं आणि पिवळं एक होतं, निळं-हिरवं मातीत जातं, आणि आपल्याला वाटतं की जगच जुनं झालं. डोळे करून आलो, या कपाटापुढे उभा राहिलो आणि तिथल्या तिथे खाली बसलो."

बाकीचे बगळे त्यांनी पुन्हा रंगवले. एक तसाच ठेवला आहे.

तू खोटं लिहिलं नाहीस. मला तेवढंही सुचलं नाही, याचं वाईट वाटतं.

सोबत प्लास्टरचे दोन तुकडे पाठवतो, बटणाएवढे. एक तू सांगितलेल्या रंगाचा, एक डबीतल्या तुकड्याच्या रंगाचा. राखाडीच्या पाठीला ओरखडा आहे. पाठ न बघता दोन्ही दगडावर ठेव. कोणता खपलीत हरवतो तेवढं कळव. डॉक्टरांचं लिहीत नाही.

तुझा पुतण्या

२६ मार्च

फूटपट्टी,

दोन्ही हरवतात.

ठेवले, मागे सरले, पुढे आले. हाताने चाचपले तेव्हा सापडले. मग शेजारणीला हाक मारली. तिने लांबूनच एक हेरला आणि म्हणाली, हा कसला पिवळा खडा ठेवलाय? मी तिला चहा पाजला, तिच्या सुनेबद्दलचं सगळं ऐकून घेतलं आणि घरी पाठवली.

दुपारी शिंप्याकडे गेले. म्हटलं, ते चार सदरे दाखव. त्याने उसवून दुसऱ्या एका बाईकडून करून घेतले होते. मला म्हणाला, काकू, तुमचा टाका तिला येत नाही हो. मेला गोड बोलतो. त्याची क्षमा वगैरे मागायची म्हणजे मला एक वेळ छिन्नी मारणं सोपं.

मला दिसत नाही याचं दुःख असतं तर मी केव्हाच डॉक्टरांकडे गेले असते. मला दिसत होतं ना! सुईचं नेढं दिसत होतं, खपलीवरच्या चकत्यांचे काठ दिसत होते. जे नीट दिसतंय ते चुकीचं असेल असं कुणाच्या मनात येईल?

एक सांग. काकांच्या वेळी ते आत होते आणि बाहेर बाकावर मी होते. आता आत मी असेन. बाहेर कोण?

काकू

३० मार्च

काकू,

बाहेर मी.

बाईंकडे रजा मागितली. दगड अपुरा आहे, मुदत संपते आहे, तरी जायचं आहे असं सांगितलं. त्या म्हणाल्या दगड कुठे पळून जात नाही, मुदत महिनाभर वाढवते. डॉक्टरांना पत्र टाकलं आहे. एका वेळी एकच डोळा करतात, तेव्हा घाबरायचं झालं तरी अर्धंच घाबर.

येताना भाजीची पिशवी मी आणीन. भाजी घेऊन मगच बाकावर बसेन, म्हणजे ते काम राहायला नको.

तुझा पुतण्या

२७ एप्रिल

काकू, नमस्कार.

मी पोचलो. केलेल्या डोळ्यात थेंब दिवसातून चार वेळा घालायचे आहेत, तू तीन वेळा घालतेस हे मला माहीत आहे. खाली वाकून कपडे धुवायचे नाहीत. डोळा चोळायचा नाही. हे सगळं मोठ्या अक्षरात भिंतीवर लावून आलो आहे, ते काढून टाकू नकोस.

आल्या आल्या दगड पुरा केला आणि तो पसंत झाला. राखाडीत मी अगदी थोडा हिरवा घातला, दिसेल न दिसेल इतका, कारण आत शेवाळ असतंच. बाईंनी तो कपाटात ठेवून घेतला आणि कार्यालयाला माझ्याविषयी पत्र पाठवलं. आता मी कायम.

एक गोष्ट केली आहे. दगडाची मागची बाजू भिंतीला लागते, तिथून कुणी बघत नाही. तिथे तळहाताएवढी खपली मी तुझ्या रंगाची ठेवली आहे. बाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी नुसतं विचारलं, मिस्त्रींच्या नादाला लागलास का?

तुला आता रंग कसे दिसतात ते लिही. दगडाजवळ जाऊन, पण न वाकता.

तुझा पुतण्या

४ मे

फूटपट्टी,

न वाकता दगड कसा बघायचा तेही भिंतीवर लिहून जायचं होतंस. खुर्ची टाकून बसले.

पट्टी सोडली तेव्हा आधी तुझ्याकडे बघितलं होतं. तुझा सदरा इतका मळका असेल असं वाटलं नव्हतं. तेव्हा बोलले नाही, डॉक्टर समोर होते.

खपली राखाडी आहे. तुझी राख बरोबर. पण सगळीकडे एकसारखी नाही, कडेला काळ्या रेघेपाशी पांढुरकी आहे, मधे गडद. पाणी शिंपडलं आणि बघत बसले. हिरवी झाली. हळूच, कुणाला कळू न देता होते. इतकी वर्षं मी त्या दगडावर पाणी ओततेय आणि ती माझ्या पायाशी हिरवी होतेय. छिन्नीने जिथे तुकडा काढला तिथे नवा दगड उघडा पडलाय, जखमेसारखा. तुझ्या बाईंना विचार, तिथे पुन्हा येते का आणि किती वर्षं लागतात. मला काही घाई नाही.

हा डोळा झाकला की सगळं अजून पिवळं, तो झाकला की पांढरं. दिवसातून दहादा करून बघते. शेजारणीला वाटतं मी तिला डोळा मारतेय. दुसऱ्या डोळ्याची तारीख जूनमध्ये आहे. पिशवी घेऊन ये.

शिंप्याने पांढरे सदरे पाठवलेत, आपणहून. दोराही सोबत पाठवलाय, म्हणजे अजून पुरता विश्वास नाही.

काल पेटी उघडली. काकांचा सदरा काढून उन्हात नेला. तो पिवळा पडलेला नव्हता रे. कधीच पडला नव्हता. तुला पत्रात ‘दोनदा’ असं लिहिलं होतं, पण मी त्याला किती वेळा नीळ घातली ते आता सांगत नाही. शुभ्र सदरा होता, पार आभाळाच्या रंगाचा करून ठेवलाय मी.

धुतला तर उतरेल थोडा. धुवायचा नाही असं ठरवलंय. दोरीवर घातलाय, आणि इथे खुर्चीवरून दिसतोय.

काकू